जिन्यातलं कपाट

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा. आपली प्रकृती कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? साखर किती आली? (जेवणाआधीची सांगा. मागच्या वेळी तुम्ही जो आकडा कळवलात तो कुठल्याच वेळेचा नव्हता, असं मामींनी मला स्वतंत्रपणे कळवलं आहे.) तुमचं पत्र मिळालं. परदेशात फुकट काम करायला गेलेला माणूस सुट्टीच्या दिवशी काय करतो, असं तुम्ही विचारलंत आणि 'फुकट' या शब्दाखाली रेघ मारलीत. रेघ पोहोचली. उत्तर जरा लांबलचक आहे, तेव्हा चष्मा लावून आणि चहा पिऊन मगच बसा. बिनसाखरेचा.

मी ज्या केंद्रात आहे तिथे अपघातातून, ऑपरेशनातून, पक्षाघातातून उठलेल्या माणसांना पुन्हा हिंडतं-फिरतं करतात. माझं काम मदतनिसांना शिकवण्याचं. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, खुर्चीतून उभं कसं करायचं आणि हे करताना स्वतःची कंबर कशी शाबूत ठेवायची. इथली भाषा मला कामापुरतीच येते. उचला, ठेवा, हळू, श्वास घ्या, दुखतंय का. एवढ्या भांडवलावर माझं बरं चाललं होतं. पण आम्हाला इथे पाठवणाऱ्या संस्थेचा असा हट्ट की प्रत्येक स्वयंसेवकाने अधूनमधून एखादा शनिवार-रविवार स्थानिक कुटुंबात राहावं, म्हणजे त्याला समाजजीवनाचा अनुभव येतो. माझ्याबरोबरची दातांची डॉक्टर मागच्या खेपेला तळ्याकाठी जाऊन होडीत बसून आली. दुसरा एक जण कुणाच्या तरी बागेत झोपाळ्यावर झोपून आला, त्याचे फोटो त्याने सगळ्यांना पाठवले. मला मात्र आमच्या धुलाईघरातल्या बाईंनी कार्यालयात जाऊन चक्क मागून घेतलं. मला वाटलं, माझ्या स्वभावामुळे. मी नवा शर्ट घालून, मिठाईचा डबा घेऊन गेलो.

घर चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही, कधी नव्हतीच. जिना इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यायचं. वर पोचलो तर धुलाईवाल्या बाई, गाड्या दुरुस्त करणारा त्यांचा नवरा आणि बाईंचे वडील असे तिघं माझी वाट बघत होते. वडिलांना मी आजोबाच म्हणतो. हे आजोबा खिडकीशी एका जाडजूड लाकडी हातांच्या खुर्चीत बसलेले. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यापासून ते खाली उतरलेले नाहीत. चेहरा म्हणाल तर संपावर गेलेल्या माणसाचा. माझा नवा शर्ट कुणी पाहिलासुद्धा नाही. बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. नवरा मोडकंतोडकं इंग्रजी बोलतो, माझ्याइतपतच. त्याने मला जे सांगितलं ते असं.

आजोबांना एक थोरली बहीण आहे. ती दुसऱ्या गावी राहायची. आता समुद्रापलीकडे असलेला तिचा मुलगा तिला कायमची आपल्याकडे बोलावून घेतोय; विमानाने ती एकटीच जाणार. शनिवारी दुपारी तिची भाड्याची गाडी विमानतळाकडे जाताना या इमारतीच्या दाराशी थोडा वेळ थांबणार. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, तिला चार मजले चढणं शक्य नाही. यांचा खुबा गेलेला, यांना उतरणं शक्य नाही. बऱ्याच वर्षांत दोघं भेटलेले नाहीत, आणि या वयात समुद्र ओलांडला की परत कोण येतो, मामा? आजोबांनी लेकीला सांगून ठेवलेलं की मला खाली नेलं नाहीत तर मी एकटा उतरेन. आणि ते उतरले असते. मग लेकीला आठवलं की आपल्या केंद्रात माणसं उचलायला शिकवणारा एक परदेशी मास्तर आहे. तर मामा, मला पाहुणा म्हणून बोलावलंच नव्हतं. मला हमाल म्हणून बोलावलं होतं.

रागवायला पाहिजे होतं, पण खरं सांगू, माझी कॉलर ताठ झाली. म्हटलं, हे तर आपलं खातं. शनिवारी सकाळी मी टेप घेऊन खुर्ची मोजली, जिना मोजला, वळणं मोजली. बाकी सगळं जमत होतं. फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक लाकडी कपाट उभं होतं, भिंतीला पाठ लावून अर्धी वाट अडवून. हे कपाट काय प्रकरण आहे ते ऐका. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या न्हाणीघरातलं पाणी खाली दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या छतातून गळायचं. (छतातून पाणी गळलं की जगात कुठेही दोन घरं बोलायची थांबतात. आपल्या वरच्यांशी तुमचं काय झालं होतं ते आठवा.) त्या भांडणात शेवटी तडजोड अशी झाली की मधल्या वळणावरची जागा दोघांची, म्हणून तिथे एक कपाट, वरचे कप्पे मास्तरांचे, खालचे बाईंचे. तेव्हापासून त्या कपाटाला दोघांपैकी एकाने जरी बोट लावलं तर दुसरा दार उघडून बाहेर येतो.

या इमारतीत जिन्याबद्दलचं सगळं सभेत ठरतं. सभा म्हणजे काय, तर प्रत्येकाने आपापल्या दारात उभं राहायचं आणि जिन्याच्या पोकळीत तोंड घालून ओरडायचं. शनिवारी सकाळी अशी सभा झाली. आजोबांना खाली न्यायला सगळ्या मजल्यांची संमती मिळाली. मग मी कपाटाकडे बोट दाखवून हातवाऱ्यांनी विचारलं, हे तेवढं सरकवून ठेवाल ना? वरून खालपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. आता सगळ्यांनी मान डोलावली याचा अर्थ कुणीच करणार नाही, हे आपल्याकडच्या सोसायटीच्या सभांना बसलेल्या माणसाला कळायला नको होतं का? मास्तरांना वाटलं बाई सरकवतील, बाईंना वाटलं मास्तर सरकवतील, आणि दोघांनाही मनातून असं वाटत होतं की आधी त्यांनी हात लावावा, मग आपण बघू. मी आपला आनंदाने आजोबांना खुर्चीला पट्टे बांधायला वर गेलो.

गाडी आली. खालून हॉर्न वाजला. आजोबांनी स्वच्छ दाढी करून कोट चढवला होता. पट्टे बांधताना त्यांच्या छातीची धडधड माझ्या हाताला लागत होती. मागून खुर्ची धरायला जावई आणि त्याच्या गॅरेजमधला एक दांडगा मित्र, पुढून खालच्या बाजूला मी आणि तळमजल्यावरचा शिंपी. (शिंप्याला कुणी निवडलं ते विचारू नका. तो स्वतःहून आला, आणि त्याला दमा आहे हे मला तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कळलं.) उचला. हळू. श्वास घ्या. हे शेवटचं मी शिंप्याला सांगत होतो. एकेक पायरी उतरताना आजोबांचा सगळा भार पुढे माझ्या खांद्यावर यायचा, आणि ते खाली जिन्याच्या पोकळीत डोकावून बघायला जायचे. मी ओरडायचो, हळू! तोल गेला असता तर पट्ट्यांनी खुर्ची धरली असती, पण खुर्ची कुणी धरली असती? मी वर्गात ज्या ज्या चुकांबद्दल मदतनिसांना रागावतो त्यातली प्रत्येक चूक त्या अर्ध्या जिन्यात केली. शेवटी तिसरा मजला पार करून आम्ही वळणावर आलो आणि मी मागे मान वळवून पाहिलं. कपाट जिथल्या तिथे होतं.

थांबा म्हणायला मला तिथला शब्द येत नाही. मी मराठीत 'अहो, थांबा!' म्हणून किंचाळलो. तोपर्यंत जावयाने जोर लावला होता. खुर्चीचा एक हात कपाटाच्या कडीत घुसला आणि दुसरा कठड्याच्या गजांत. खुर्ची अडकली ती अशी अडकली की पुढे जाईना, मागे येईना. मागे ओढली की कपाट हलायचं, वरच्या कप्प्यातल्या मास्तरांच्या बरण्या वाजायच्या आणि आजोबांच्या खुब्याला हिसका बसायचा. दोनदा त्यांचा चेहरा पांढरा पडला तेव्हा मी सगळ्यांना हात सोडायला लावले. पट्टे सोडून त्यांना उभं करावं तर टेकायला जागा नाही, आणि ते हाड पुन्हा मोडलं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं? आता नकाशा नीट लक्षात घ्या. मध्ये आजोबा. वरच्या बाजूला अडकून पडले जावई, त्याचा दांडगा मित्र, आजोबांची लेक आणि मास्तर, म्हणजे अंगात ताकद असलेली सगळी माणसं. खालच्या बाजूला मी, दमेकरी शिंपी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. आणि रस्त्यावर हॉर्न.

उपाय अगदी साधा होता. कपाट दोन्ही टोकांनी एकाच वेळी उचललं असतं तर खुर्ची मोकळी झाली असती. वरचं टोक मास्तरांच्या हाताशी, खालचं बाईंच्या. मास्तर कपाटाकडे बघत उभे राहिले. बाईही कपाटाकडेच बघत उभ्या राहिल्या. सगळी इमारत त्या दोघांकडे बघत होती. मी दोघांना हात जोडले. मास्तर काहीतरी म्हणाले, बाई त्याच्यावर काहीतरी म्हणाल्या, आणि मला शब्द एक कळला नाही तरी अर्थ पुरता कळला: आधी तिने, आधी त्याने. मामा, त्या क्षणी मला असा संताप आला की मी एरवी रुग्णांसमोर उच्चारत नाही ते सगळं मराठीत उच्चारलं. आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांना पटलं असावं.

तेवढ्यात भाड्याच्या गाडीचा चालक धावत वर आला आणि घड्याळ दाखवायला लागला. विमान काही आजोबांसाठी थांबणार नव्हतं. वरून लेकीने रडवेल्या आवाजात खाली काहीतरी ओरडून सांगितलं, बहुधा 'आत्या, ते अडकलेत' असं. खालून काठीचा आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. आम्ही वाकून बघितलं. थोरली बहीण चढायला लागली होती. आकाराने ती आजोबांच्या दुप्पट. काही पायऱ्या चढली आणि मटकन खाली बसली. चेहरा घामाने थबथबलेला. काठी घरंगळत दारापर्यंत गेली. आणि इकडे आजोबांनी आपल्या पट्ट्याच्या बक्कलाला हात घातला.

मी त्यांचा हात धरला. बक्कल सोडवून ते खाली गेले असते ते पायऱ्यांवरून गडगडतच गेले असते. त्यांच्या हाताला एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना खुणेने सांगितलं, यांचा हात धरा, सोडू नका. मग शिंप्याला खाली ओढत नेलं. त्याच्या दुकानातली बिनहातांची खुर्ची आणली, बहिणीला तिच्यावर बसवलं आणि दुकानातल्या जाड कापडाच्या पट्टीने बांधलं. (कापड महागाचं होतं असं मला नंतर कळलं.) आणि आम्ही तिला उचललं. मी, एक दमेकरी शिंपी आणि विमान चुकेल म्हणून रडकुंडीला आलेला चालक. माणूस उचलताना गुडघ्यात वाका, कंबरेत वाकू नका, वजन अंगाशी धरा, हे मी रोज फळ्यावर लिहितो. मी कंबरेत वाकलो. वजन अंगाशी धरायला माझ्या अंगाला तेवढी जागाच नव्हती. प्रत्येक पायरीला बहीण आम्हाला शिव्या देत होती, निदान मला तरी तसं वाटलं, आणि शिंप्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती. पहिल्या मजल्यावर थांबलो तेव्हा मी देवाला म्हटलं, हिला वर पोचव, मग माझं काय करायचं ते कर. देवाने दोन्ही ऐकलं. शेवटच्या पायरीला माझ्या कंबरेत खाटकन काहीतरी सरकलं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. पण खुर्ची वळणावर टेकली. दोन खुर्च्या, समोरासमोर, मध्ये वीतभर जागा.

मला वाटलं आता गळ्यात पडतील, रडतील. तसं काहीच झालं नाही. दोघं एकमेकांकडे बघत बसले. आजोबांचे केस त्या सगळ्या झटापटीत उभे राहिले होते. बहिणीने पर्समधून कंगवा काढला, थोडं पुढे वाकली आणि त्यांचे केस नीट विंचरले. भांग पाडला. एकदा मनासारखा पडला नाही म्हणून मोडून पुन्हा पाडला. त्या म्हाताऱ्याने शाळेत जाणाऱ्या मुलासारखी मान खाली घातली होती. मग ती काहीतरी बोलली. माझ्या तुटपुंज्या भाषेत बसणारे तेवढेच शब्द होते ते. तिने विचारलं, दुखतंय का? आणि ते म्हणाले, नाही. मामा, मी हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारतो आणि पन्नास वेळा उत्तर लिहून घेतो. त्या दिवशी कठड्याला धरून मी भिंतीकडे तोंड केलं. कंबर दुखत होती हे एक, आणि दुसरं मला लिहिता येत नाही. चालकाने घड्याळ बाहीखाली झाकलं. शिंप्याच्या छातीतली शिट्टी चालूच होती.

मग बहिणीने मान वर करून आधी मास्तरांकडे बघितलं, मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे, मग कपाटाकडे, आणि एकच वाक्य बोलली. (ते काय होतं हे मी नंतर जावयाला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या भाषेत इतके वाईट शब्द नसतील.) मास्तरांनी वरचं टोक धरलं, बाईंनी खालचं, आणि कपाट उचललं गेलं. एक बरणी फुटली. मास्तरांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची मोकळी झाली, वरची दांडगी माणसं खाली आली आणि आधी बहीण, मागून आजोबा अशी वरात रस्त्यावर गेली. गाडी निघाली तेव्हा आजोबा दाराशी खुर्चीत बसून हात हलवत होते, आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही त्यांनी हात खाली घेतला नाही. विमान मिळालं असं रात्री कळलं. तर असा मी शनिवार-रविवार घालवला. समाजजीवनाचा अनुभव आला, असं संस्थेला कळवलं आहे.

मामींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच.

आपला भाचा

ता. क. हे पत्र मी केंद्रातून लिहीत नसून त्याच चौथ्या मजल्यावरून, आजोबांच्या पलंगावर उताणा पडून लिहीत आहे. माझ्या कंबरेचं बघून डॉक्टरांनी सपाट झोपायला सांगितलं, आणि सपाट पलंग इथेच होता, म्हणून त्या दांडग्यांनी मला आजोबांच्याच खुर्चीत बांधून वर आणलं. आजोबा अजून खालीच आहेत. शिंप्याच्या दुकानात राहतात, रस्ता बघतात आणि गिऱ्हाइकांना कोटाचं माप चुकलंय म्हणून सांगतात. त्यांना वर यायचं नाही. मला खाली न्यायचा विषय जिन्याच्या सभेत गेला आहे. उद्या मला उचलायला केंद्रातले मदतनीस येणार आहेत. त्यांना उचलायला मीच शिकवलं असल्यामुळे मला झोप नाही.

ता. क. दुसरा. यातलं अक्षरही आईला सांगू नका. ती काळजी करील.

ता. क. तिसरा. नाही, सांगा. इतके दिवस माझा फोन छोटा का असतो, हे तिने विचारायला सुरुवात केली आहे. पण फोनवर सांगू नका, फोनवर ती घाबरते. तिच्यासमोर बसून सांगावं लागेल. ताईच्या लग्नाच्या फोटोत तुम्हाला मागच्या रांगेत कुणी उभं केलं, आईने की फोटोग्राफरने, हे मला माहीत नाही आणि मला त्याचा निकाल लावायचा नाही. त्याला आता दोन वर्षं झाली. तुम्ही म्हणता, आधी तिने यावं. ती म्हणते, आधी त्याने. मामा, तुमचे गुडघे मी गेल्या वर्षी स्वतः तपासलेत, त्यांना काही झालेलं नाही. आई दुसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट चालू आहे. मी काल इथून रखवालदाराला फोन करून विचारून घेतलं.